माळावर खड्डे घेण्याआधी

प्रति,
पावसाळ्याच्या तोंडावर माळरानांवर वृक्षारोपणाचा बेत आखणाऱ्या सर्व संस्था, मित्रमंडळं, शाळा-महाविद्यालयं, ग्रामपंचायती आणि कंपन्या यांस

स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की माझा फोन वाजायला लागतो. मी तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे विचारणारे हक्काने विचारतात. "मॅडम, गावामागचा माळ मिळालाय. हजारभर रोपं लावायचीत. कुठली लावू?" कुणी वडाची रोपं आधीच आणून ठेवलेली असतात, कुणाला एखाद्या कंपनीने टँकरचे पैसे कबूल केलेले असतात, कुणाच्या शाळेतली मुलं मातीत हात घालायला उतावीळ झालेली असतात. एकेकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदम लिहावं, म्हणून हे पत्र. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. त्या माळावर एकही रोप लावू नका. रोपं लावायला जागा भरपूर आहेत, त्यांच्याबद्दल मी खाली लिहिलं आहे. पण माळ सोडा.

हे वाचून तुम्हाला राग येईल याची मला कल्पना आहे. रविवारी पहाटे उठून, स्वतःच्या खिशातून डिझेल घालून, एप्रिल-मेच्या उन्हात रोपांना कॅनने पाणी घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. सरकारी फाइलीत अडकलेल्या माणसाला हे पटवायला वर्षं जातील. तुम्ही मात्र झाडाकडे, मातीकडे प्रेमाने बघणारे आहात, तेव्हा ऐकाल या भरवशावर लिहिते आहे.

"इथं पूर्वी घनदाट जंगल होतं, लोकांनी तोडलं, म्हणून हा माळ उघडाबोडका झाला." बहुतेक वृक्षारोपणांच्या मुळाशी हा समज असतो. सह्याद्रीच्या उतारांवर, घाटमाथ्याच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी तो खराही आहे. पण पुरंदरचा पूर्व भाग, दौंड, बारामती, इंदापूर, फलटण, माण, खटाव, कर्जत, करमाळा, सांगोला, मोहोळ या पट्ट्यात तो लागू पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला माण-फलटण-इंदापूरकडे उतरेपर्यंत तो पाचशेच्या आसपास येऊन ठेपतो. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात, आपल्या वाट्याला वारा येतो. त्यात खाली बसाल्टचा कातळ, वर वीतभर मुरूम, उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणारा पारा आणि आठ महिने जवळपास कोरडे. अशा जमिनीवर घनदाट जंगल उभं राहत नाही. तिथे गवत उभं राहतं, आणि गवतात लांब लांब अंतरावर काटेरी झाडं. शास्त्रीय भाषेत याला सवाना म्हणतात. आफ्रिकेतला सवाना टीव्हीवर पाहताना आपल्याला तो भकास वाटत नाही, मग जेजुरीच्या पुढचा का वाटावा?

या गवतांचं वयही जरा लक्षात घ्या. आपल्या माळावरची बहुतेक गवतं सी-४ पद्धतीने अन्न तयार करतात. पानांची छिद्रं फार वेळ उघडी न ठेवता हवेतला कार्बन पकडायची, म्हणजे पाणी वाचवून कडक उन्हात वाढायची ही पद्धत आहे. भारतीय उपखंडात अशी गवतं साधारण ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर पसरल्याचा पुरावा शिवालिकच्या टेकड्यांमधल्या प्राचीन मातीत सापडतो. त्या काळी कुऱ्हाड धरणारा हातच पृथ्वीवर नव्हता. आणि इतकं मागे जायचं नसेल तर आपल्याच जुन्या मराठी वाङ्मयाकडे या. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी गेल्या काही शतकांतल्या मराठी कथा-ओव्यांमधले रानवनस्पतींचे उल्लेख गोळा करून २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या उल्लेखांत बाभूळ, तरवड अशी उघड्या माळाची ओळख असलेली झाडं-झुडपंच जास्त निघाली. म्हणजे इंग्रजांची रेल्वे येऊन लाकूडतोड सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून हा मुलूख असाच होता. पेशवाईत घोड्यांसाठी राखलेली कुरणं याच मुलखात होती, हेही विसरू नये.

मग माळ म्हणजे बिघडलेलं जंगल, ही कल्पना आली कुठून? इंग्रजांचं वनखातं लाकडासाठी उभं राहिलं. ज्या जमिनीतून लाकूड मिळत नाही ती त्यांच्या लेखी वाया गेलेली. स्वातंत्र्यानंतर नजर फारशी बदलली नाही. १९६८ साली चॅम्पियन आणि सेठ यांनी भारतातल्या वनप्रकारांचं जे वर्गीकरण केलं, जे आजही वापरात आहे, त्यात बहुतेक गवताळ प्रदेश जंगलाची खालावलेली अवस्था म्हणूनच येतात. महसुली दप्तरात तर थेट 'पडीक' अशी नोंद. एकदा जमीन पडीक ठरली की तिचा 'विकास' करण्याची घाई सुरू होते. कधी वृक्षलागवड, कधी औद्योगिक वसाहत, कधी सौरऊर्जेचा प्रकल्प.

आता तुम्ही ज्याच्यावर खड्डे घेणार आहात ते गवत जवळून पाहू. भारतातल्या गवताळ प्रदेशांचे दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये पाच मोठे गट केले. आपला दख्खनचा माळ त्यातल्या सेहिमा-डायकॅन्थियम गटात मोडतो. सेहिमा म्हणजे पवन्या, शेडा. डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. यांच्या जोडीला उतारावर डोंगरी, हलक्या मुरमावर कुसळी, कोरड्या बरडावर अंजन गवत, खानदेशाकडे वासाची रोशा ऊर्फ तिखाडी. ही बहुवर्षायू गवतं ठोंब करून वाढतात. मे महिन्यात एखाद्या ठोंबापाशी बसून बघा. वर नुसता वाळका, करड्या रंगाचा जुडगा असतो, ओढला तर पानं हातात येतात. पण बुंध्याशी माती जरा बाजूला केली की पांढरट-हिरवे कोंब दिसतात, घट्ट मिटलेले, पावसाची वाट बघणारे. झाड शेंड्याने वाढतं, गवत बुडातून वाढतं. म्हणून मेंढीने वरचं खाल्लं, वणवा वरून गेला, उन्हाने पानं करपली, तरी गवताचा जीव जात नाही. त्याची निम्म्याहून अधिक दौलत जमिनीखाली असते. आपण वरवर बघतो आणि म्हणतो, इथं काहीच नाही.

कुसळी तर सगळ्यांच्या ओळखीची, निदान पायमोज्यांच्या तरी. दिवाळीच्या सुमारास माळावरून चालून आलात की मोजे, धोतर, साडीचा काठ तिच्या काळपट कुसळांनी भरलेला असतो आणि आपण शिव्या देत ती उपटत बसतो. पुढच्या वेळी एक कुसळ फेकू नका, तळहातावर ठेवा. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी आहे, बियाला मागे वळलेले बारीक केस आहेत आणि त्याच्या मागे दोन-तीन इंच लांब, पीळ घातलेली शेपटी. तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. काही क्षणांत शेपटी आपोआप फिरायला लागते, पीळ उलगडू लागतो. वाळली की परत उलटी वळते. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन, यांच्या आलटून-पालटून येण्याने ते बी स्वतःला गिरमिटासारखं मातीत रोवत नेतं. मागचे केस त्याला बाहेर निघू देत नाहीत. वणवा वरून जातो तेव्हा ते बी मातीत सुरक्षित असतं. आगीशी, ओल्या-सुक्याशी इतकी जवळची ओळख शिकायला लाखो वर्षं लागतात. हे बी त्या माळाचं जुनं रहिवासी असल्याचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

आषाढ-श्रावणात माळ हिरवा होतो हे सर्वांना दिसतं. भाद्रपदात गुडघ्यावर बसून बघितलं तर मात्र आणखी बरंच हाती लागतं. गवताच्या बुडाशी विष्णुक्रांतेची निळी ठिपक्याएवढी फुलं. नीळ कुळातली लालसर फुलांची पसरट झुडपं. जमिनीतून उगवणाऱ्या हिरवट-पांढऱ्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड. नशीब असेल तर खर्पुडी, म्हणजे कंदीलपुष्पाची एखादी जात. तिच्या नळकांड्यासारख्या फुलात आतून खाली वळलेले केस असतात. बारीक माशी वासाला भुलून आत शिरते, बाहेर पडता येत नाही, फूल कोमेजून केस सैल पडले की पराग अंगावर घेऊन सुटते. या वनस्पतींचे कंद जमिनीत आठ-आठ महिने झोपलेले असतात. पूर्वी गुराखी पोरं खर्पुडीचे कंद उकरून खायची. आता कंद ओळखणारी पोरंही कमी आणि कंदही.

झाडं माळाला परकी आहेत असं मी म्हणत नाही. हिवर, बाभूळ, बोर, खैर, नेपती, शमी, ओढ्याच्या अंगाला पळस, खडकाळ उतारावर कुठे अंजन वृक्ष, आणि झुडपांत तरवड, हेंकळ. ही सगळी माळाची मुलंबाळं आहेत. ती विरळ असतात, काटेरी असतात आणि त्यांच्या सावलीबाहेर गवताला भरपूर ऊन मिळतं. हे अंतर कुणी आखलेलं नाही. पाणी, माती, चराई आणि आग यांनी ते ठरवलं आहे.

आता तुमच्या प्रकल्पाचं पहिलं वर्ष डोळ्यांपुढे आणा. जेसीबी येतो. सलग समतल चर खणले जातात, दीड-दीड फुटाचे खड्डे घेतले जातात, मुरूम वर येतो. ज्या ठोंबांना वाढायला अनेक वर्षं लागली ते पहिल्याच दिवशी मुळासकट उलटे होतात. मोकळ्या झालेल्या मुरमावर पहिल्या पावसात गाजरगवत आणि वर्षायू तण येतं. खड्ड्यांत लावायला रोपवाटिकेत काय सहज मिळतं? गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, काशीद, करंज. गिरिपुष्प, ज्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात, ते तर खास आवडीचं, कारण जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि ते जगतं. रोपं जगली की अहवालात 'जगण्याचं प्रमाण' छान दिसतं. पाच-सात वर्षांनी तिथे गेलात तर दाट सावली दिसेल आणि सावलीखाली जवळपास रिकामी जमीन. मारवेल, पवन्या पूर्ण उन्हात वाढणारी गवतं आहेत, सावलीत ती विरतात. आणि रोपं जगली नाहीत तर? तरी चर आणि खड्डे राहतातच. नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी जगभरातल्या अभ्यासांचा २०२० मध्ये आढावा घेतला. नांगरट, खाणकाम किंवा लागवडीने उद्ध्वस्त झालेल्या जुन्या गवताळ प्रदेशाला मूळ वनस्पतींचं वैविध्य परत मिळवायला किमान शंभर वर्षं, बहुधा त्याहून कितीतरी जास्त लागतात, असं त्यात आढळलं. जूनमधल्या एका शनिवार-रविवारी आपण एवढं मोठं नुकसान करून घरी परततो आणि फोटो टाकतो.

पक्ष्या-प्राण्यांचा हिशेब याहून कडक आहे. डोंबारी, मुरारी, चंडोल हे पक्षी ठोंबाच्या बुडाशी, जमिनीवर घरटं करतात. धाविक, माळटिटवी, पखुर्डी तर खड्याशेजारी उघड्यावर अंडी घालतात. त्यांचं संरक्षण एवढंच, की चहूबाजूंनी दूरवरचं दिसावं. मधे झाडं उभी राहिली की त्यांच्यावर कावळे आणि शिकारी पक्षी बसू लागतात. काळवीट दूरवर पाहून आणि पळून जीव वाचवतं, त्याला दाट झाडी नको. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या जातीचे शिकारी पक्षी आपल्या माळांवर येतात, दिवसभर टोळ-नाकतोडे वेचतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. खोकड आणि लांडगा माळात बिळं-खोबणी करून पिल्लं वाढवतात. आपला लांडगा ही जगातल्या लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक आहे, हे अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं आहे. वाघासाठी आपण किती करतो! लांडग्याचं घर मात्र आपल्या दप्तरी पडीक.

माळढोकाबद्दल लिहिताना हात जड होतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तो आहे हे सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकात जगापुढे आणलं. १९७९ साली सोलापूर-अहमदनगर पट्ट्यात तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं, शेतं, शहरंच मोठ्या प्रमाणावर होती, पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आज संपूर्ण देशात माळढोक दीडशेहून कमी उरले आहेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. महाराष्ट्रात तो जवळजवळ संपला आहे. वीजवाहिन्या, ऊस, शिकार, कुत्री अशी त्याची अनेक कारणं आहेत आणि सगळा दोष वृक्षारोपणावर ढकलणं खोटं ठरेल. पण पक्षी वाचवायचा आणि त्याच्या माळाला ओसाड म्हणायचं, हे एकत्र चालत नाही. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिला हवा असतो गुडघाभर गवताचा, निवांत, मोकळा माळ.

आणि माणसं. आमच्याकडच्या धनगरांची मेंढरं दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात किंवा नदीकाठच्या बागायती पट्ट्यात जातात, शेतात बसतात, शेताला खत देतात. पावसाळ्यात ती परत घरच्या माळावर येतात, कारण तेव्हा सगळी शेतं पेरलेली असतात आणि चरायला माळाशिवाय दुसरी जागा नसते. नेमक्या त्याच दिवसांत तुमचं वृक्षारोपण होतं. कुंपण पडतं, 'चराईबंदी'ची पाटी लागते. गेल्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्या मेंढपाळाशी बोलत होते. वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं, खांद्यावर टाकून ते म्हणाले, "झाडाला आमचा इरोध न्हाई, बाई. झाडाखाली आमीच बसतो की. पण सगळी रानं पेरल्यावर मेंढरं न्यायची कुठं, ते तुमी सांगा." मला उत्तर देता आलं नाही. दख्खनी मेंढी, माणदेशी खिल्लार, हे सगळं याच गवतावर पोसलं गेलं आहे. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ प्रदेश आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे, हेही तुमच्या कंपनीच्या बैठकीत सांगता येईल.

दोन प्रश्न मला हमखास विचारले जातात. पहिला कार्बनचा. झाडात कार्बन साठतो, मग जागतिक तापमानवाढीच्या काळात माळावर झाडं नकोत कशी? झाडातला बराचसा कार्बन जमिनीच्या वर असतो. दुष्काळात झाड वाळलं, आग लागली, कुणी तोडलं की तो गेला. गवताळ प्रदेशाचा कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो. वर आग गेली तरी तो खाली राहतो. चर खणून तीच माती उलटीपालटी केली की उलट तो हवेत जातो. पाचशे मिलिमीटर पावसाच्या, दर तीन-चार वर्षांनी दुष्काळ बघणाऱ्या मुलखात कार्बन कुठे ठेवणं शहाणपणाचं, याचा तुम्हीच विचार करा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. झाडं लावली की भूजल वाढतं, हे आपल्याकडे वाक्प्रचारासारखं रुळलं आहे. वास्तविक प्रत्येक झाड पाणी पितं आणि पानांतून हवेत सोडतं, तेही वर्षभर, तर गवत पावसाळा संपला की झोपी जातं. जगभरातल्या नोंदींचा एक मोठा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. गवताळ, झुडपी किंवा शेतीच्या जमिनीवर वृक्षलागवड झाल्यानंतर तिथल्या ओढ्यांचा प्रवाह सरासरी ५२ टक्क्यांनी घटला आणि १३ टक्के ओढे किमान वर्षभर पूर्ण आटले, असं त्यात दिसलं. पाणी अडवायचं तर दाट गवतासारखं साधन नाही. आमच्याकडे ज्या माळावर गवत राखलं आहे, त्याच्या पायथ्याच्या ओढ्याचं पाणी पावसात गढूळ येत नाही. हे कुणालाही जाऊन बघता येईल.

आता थोडा आवाका. अबी तमीम वनक आणि एम. डी. मधुसूदन यांनी उपग्रहाच्या मदतीने भारतातल्या निमकोरड्या, मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचे नकाशे केले. देशाच्या भूभागाचा साधारण दहावा हिस्सा त्यात मोडतो. त्यातली मोठी जमीन सरकारी नोंदीत पडीक आहे आणि संरक्षित क्षेत्रात पाच टक्क्यांहूनही कमी. भारताने २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविषयक परिषदेपुढे मांडलेली आकडेवारी आणखी बोलकी आहे. २००५ ते २०१५ या दहा वर्षांत देशातलं गवताळ क्षेत्र १८० लाख हेक्टरवरून १२३ लाख हेक्टरवर आलं. ३१ टक्के घट! जंगलाची अशी घट झाली असती तर रस्त्यावर मोर्चे निघाले असते. त्याच्या पुढच्या काळात आपल्या राज्याने २०१६ ला २ कोटी, मग ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी रोपांची उद्दिष्टं ठेवली. एवढे खड्डे घ्यायचे तर सोपी जमीन कुठली सापडणार? झाडं नसलेली, मालक नसलेली, सपाट. म्हणजे माळ. रोपांचा आकडा हेच उद्दिष्ट ठेवलं की हे होणारच.

वनखात्यातही सूर बदलतो आहे, हे मी आनंदाने नोंदवते. पुणे वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली आहे. सुप्याचं मयूरेश्वर आणि कर्जतचं रेहेकुरी ही अभयारण्यं लहान, पण चिंकारा आणि काळवीट तिथे लोकांना दिसतात. मुलांना तिकडे न्या.

आणि तुमचं काय, तुमच्याकडे रोपं तयार आहेत, माणसं तयार आहेत. तर गावात लावा. शाळेचं आवार, आठवडी बाजाराची जागा, एसटी थांबा, स्मशानभूमी, इथे वड, पिंपळ, लिंब, चिंच हवीच आहेत. रस्तारुंदीकरणात तोडलेल्या झाडांची जागा रिकामी आहे. ओढ्या-नाल्याच्या काठाला उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज लावा, तिथे ओल असते आणि मूळची झाडं गेलेली असतात. शेताच्या बांधावर बोर, बाभूळ, शमी लावायला शेतकऱ्याला मदत करा. घाटमाथ्याला खरोखर तोडलेलं रान कुठे आहे ते तिथल्या लोकांना विचारा. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या कातळसड्यांना, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांना, मात्र माळाइतकंच सांभाळा, तिथेही जंगल नव्हतं, फुलांची दुनिया आहे.

माळासाठीच काही करायचं असेल, आणि करायलाच हवं, तर काम वेगळं आहे. आधी माळ ओळखा. ठोंबांची बहुवर्षायू गवतं, कंद, तरवड-हेंकळ दिसत असेल तर तो जुना माळ आहे, त्याला कुदळ लावायचीच नाही. नुसतं कुसळ, टाकळा, गाजरगवत दिसत असेल तर तो चरून-चरून थकलेला आहे. त्याला विसावा हवा. मेंढपाळ आणि गावकऱ्यांना बरोबर बसवून माळाचे भाग पाडा, एक भाग एक-दोन पावसाळे राखा, बी पडल्यावरच विळा लावा, मग तो भाग चराईला खुला करून दुसरा राखा. कार्तिकात मारवेल आणि पवन्याचं बी गोळा करा आणि उघड्या पडलेल्या जागी विस्कटा. मुलांना हे काम फार आवडतं, मी करून पाहिलं आहे. वेडी बाभूळ, गिरिपुष्प, घाणेरी माळात शिरली असेल तर ती मुळासकट काढा, श्रमदानाला याहून कष्टाचं आणि उपयोगाचं काम शोधून सापडणार नाही. वणव्याबद्दल गावागावात वेगळं मत आहे. माझं मत असं, की पक्ष्यांची घरटी असताना, म्हणजे उन्हाळ्यात, माळ पेटवू नये. त्याआधी गवत कापून नेणं सगळ्यांच्या सोयीचं.

कंपन्यांना एक वेगळी विनंती. तुमच्या अहवालात 'लावलेली रोपं' हा रकाना असतो. त्याच्या शेजारी 'राखलेलं गवत, हेक्टर' असा रकाना घाला. दर हिवाळ्यात गवतांच्या किती जाती आहेत, जमिनीवर घरटं करणारे पक्षी किती दिसले, गावाला चारा किती मिळाला, हे मोजायला जवळच्या महाविद्यालयातली पोरं आनंदाने येतील. खर्च रोपांपेक्षा कमी येईल.

या वर्षी तुमचं काही ठरलं असेल, पत्रिका छापल्या असतील, पाहुणे बोलावले असतील, तरी जागा बदलता येते. माळ कोणता, गवत कोणतं, हे ठरवायला मदत हवी असेल तर जूनच्या पहिल्या पावसाआधी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला विचारा. आणि गावातल्या मेंढपाळांना तर सर्वांत आधी विचारा. कुठलं गवत कुठे येतं, कुठल्या वर्षापासून येईनासं झालं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

कळावे.

आपली नम्र,
माळावर हिंडणारी एक शिक्षिका